बाबा, उरलेले दात काढायची घाई नको

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "आता एकदाचे सगळे काढून टाकतो, खाली पण कवळी बसवतो, कटकट संपेल." मी काही बोलायच्या आत फोन आईकडे गेला. जे सांगायचंय ते फोनवर पुरं होत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी मुद्द्याचं. बाबा, वरचे दात गेले, कवळी आली, ते झालं. पण खाली तुमचे पुढचे सहा दात आणि उजवीकडची एक दाढ अजून आहे. दाढेचं काही खरं नाही, ती बहुतेक काढावी लागेल. पुढचे मात्र, विशेषतः दोन्ही सुळे, दिवाळीत मी बघितले तेव्हा घट्ट होते. दात काढला की तो ज्या हाडात रुजलेला असतो ते हाड झिजायला लागतं, आणि खालचा जबडा वरच्यापेक्षा लवकर झिजतो. वरची कवळी टाळूला धरून बसते. खालचीला तसा आधार नसतो. एकीकडून जीभ आणि दुसरीकडून गाल तिला सारखे उचलत राहतात. म्हणून तर आपल्या गल्लीतसुद्धा कितीतरी जण वरची कवळी घालतात आणि खालची डबीत ठेवून देतात. सुळ्यांची नुसती मुळं टिकवता आली तरी त्यांच्या आधारावर कवळी बसवता येते आणि हाडही टिकतं. कुठला दात ठेवायचा, कुठला काढायचा हे एक्स-रे बघून ठरवू. "सरसकट काढा" या सल्ल्यावर मात्र तुम्ही लगेच मान डोलावू नका.

तुम्ही म्हणाल, वय झालं, दात जायचेच की. आजोबांचे गेले, काकांचे गेले, आता माझे. बाबा, हे मला मान्य नाही, आणि मुलगी म्हणून हट्टानं नाही, दातांची डॉक्टर म्हणून म्हणतेय. जपानमध्ये १९८९ साली सरकारनं आणि दंतवैद्यांनी मिळून एक मोहीम सुरू केली: ऐंशीव्या वर्षी तोंडात आपले स्वतःचे वीस दात. वीस दात असले की माणूस जवळजवळ सगळं चावून खाऊ शकतो, म्हणून वीस. सुरुवातीला ऐंशीच्या घरातल्या दहा माणसांत एकालाही ते जमत नव्हतं. २०१६ च्या तिथल्या पाहणीत त्या वयाच्या निम्म्याहून जास्त लोकांचे वीस किंवा त्याहून जास्त दात शाबूत होते. देश तोच, वय तेच. बदलली ती लहानपणापासूनची काळजी आणि वेळेवरची तपासणी. दात म्हातारपणामुळे पडत नाहीत. कीड आणि हिरड्यांचा आजार वर्षानुवर्षं मुकाट्यानं चालू असतो, आणि म्हातारपणी तो दिसायला लागतो.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तुमच्या दातांची कीड वरून लागलेली नाही, हिरडीजवळ मुळाशी लागलीय. हिरड्या खाली सरकल्या की मूळ उघडं पडतं, आणि मुळावर दाताच्या वरच्या भागासारखं कठीण कवच नसतं. त्यात तुमचं तोंड कोरडं पडतं. रात्री उठून पाणी पिता, बोलताना जीभ टाळूला चिकटते, हे आईनं मला सांगितलंय. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लाळ कमी होते. लाळ म्हणजे तोंडातलं सगळ्यात मोठं औषध. ती आम्ल धुऊन काढते आणि दाताचा गेलेला खनिजांशही थोडाफार भरून देते. ती आटली की दात उघड्यावर. आणि कोरड पडते म्हणून तुम्ही काय करता? सदऱ्याच्या खिशातली खडीसाखर काढून गालात धरता. दिवसभर. बाबा, काही सोडायचं असेल तर आधी ती खडीसाखर सोडा. गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका, कोरडेपणाचं डॉक्टरांना सांगा; गोळी बदलता येते का ते बघतील. तोवर घोट घोट साधं पाणी घ्या. काही चघळायचंच असेल तर वेलदोडा चालेल, बिनसाखरेची बडीशेप चालेल.

गोडाचा विषय निघाला म्हणून थोडं जास्त लिहिते, कारण त्यावरून तुम्ही एकदा माझ्यावर रागावला होतात. "आयुष्य मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर काढलं, त्याच गुळावर तू शिकलीस, आणि आता गुळाला नावं ठेवतेस?" मी गुळाला नावं ठेवत नाही. कोल्हापुरी गुळाला जी मान्यता आहे ती मला तुमच्याइतकीच प्यारी आहे. पण तोंडातल्या जंतूंना साखर आणि गूळ यांतला फरक कळत नाही. दोन्हींत मुख्यतः तीच शर्करा आहे. जंतू ती खातात आणि आम्ल सोडतात. काही मिनिटांत दातावरची आम्लता इतकी वाढते की कवचातला खनिजांश विरघळायला लागतो, आणि लाळेला ते निस्तरायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. जेवताना पोळीबरोबर गूळ-तूप खाल्लं तर हे एकदाच होतं. तोच खडा दुपारभर थोडा थोडा चघळला तर दाताला उसंत मिळत नाही.

हे ओळखायला जगाला एक फार वाईट प्रयोग करावा लागला. स्वीडनमधल्या विपेहोम इथल्या संस्थेत १९४०च्या दशकात मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला दिल्या गेल्या. साखर जेवणासोबत दिली तेव्हा कीड फारशी वाढली नाही. तीच चिकट रूपात, जेवणाच्या मधेमधे दिली तेव्हा दात भराभर किडले. त्या माणसांची संमती कुणी घेतली नव्हती. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि देऊही नये. पण त्यांच्या दातांच्या मोलानं जे कळलं ते तरी आपण वाया घालवू नये असं मला शिकवताना दरवेळी वाटतं. किती गोड खाल्लं याच्याइतकंच किती वेळा खाल्लं हे बघायचं असतं. तुमचा दिवसातला पाचवा चहासुद्धा यातच मोडतो.

आता तुमच्या मनातलं दुसरं. "शिकून दवाखाना टाकला नाही, खुर्ची टाकली नाही, गावोगाव फिरत असते." शेजारच्या काकू आईला विचारतात, "पोरगी दातांची डॉक्टर हाय न्हवं, मग दात का काढत न्हाई?" आई काय उत्तर देते कुणास ठाऊक. मी काय करते ते एकदा नीट सांगते.

गळीत हंगाम सुरू झाला की आम्ही शिरोळ, हातकणंगले, करवीरकडच्या ऊसतोडीच्या टोळ्यांकडे जातो. बीडकडून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून आलेली ही माणसं. फडाशेजारी पाचटाच्या कोप्या, बाहेर बैलं, आणि आईबाप तोडीला गेले की लहानग्यांना सांभाळायला आठ-नऊ वर्षांची बहीण. मूल रडलं की हातात पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा, नाहीतर दुधाच्या बाटलीत चहा. मी जमिनीवर बसते, समोर मुलाची आई बसते, गुडघ्याला गुडघा लावून. मूल तिच्याकडे तोंड करून तिच्या मांडीवर, पाय तिच्या कमरेभोवती, आणि डोकं माझ्या मांडीवर. त्याला आई दिसत राहते, मला तोंड दिसतं. अंगठ्यानं वरचा ओठ हलकेच उचलायचा. वरच्या पुढच्या चार दातांवर, हिरडीच्या कडेला, खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ असते. भोक नाही, दुखणं नाही, काही नाही. आईला वाटतं दात चांगले आहेत.

बाबा, पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की तुम्ही रेडिओवर राजाराम बंधाऱ्याचा आकडा ऐकत बसता. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. ३९ ऐकल्यावर खालच्या गल्लीतली माणसं सामान माळ्यावर टाकतात, ४३ ची वाट बघत नाहीत. ती पांढरी रेघ म्हणजे दाताचा ३९ फूट. तिथं कीड थांबवता येते आणि मागेही फिरवता येते. फ्लोराइडचं वार्निश छोट्या ब्रशनं दातावर लावायचं, मिनिटभराचं काम, वीज लागत नाही, सुई लागत नाही. खड्डा पडला असेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब. कीड थांबते, जागा काळी पडते. काळी पडणार हे आईला आधी सांगावं लागतं, विशेषतः मुलीच्या पुढच्या दाताला. काही आया नको म्हणतात, तो त्यांचा हक्क आहे. मोठ्या मुलांच्या दाढा हातानं, ड्रिलशिवाय साफ करून ग्लास आयोनोमर सिमेंटनं भरतो. ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ साली जगापुढे ठेवली, आणि फ्लोराइड, सिल्व्हर डायअमाइन आणि हे सिमेंट, तिन्ही तिच्या २०२१ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. फेब्रुवारी-मार्चनंतर ती टोळी कुठं जाईल आम्हाला माहीत नसतं. चार फेऱ्यांचा रूट कॅनल त्यांच्या आयुष्यात बसत नाही. मिनिटभराचं वार्निश बसतं.

कोल्हापुरात राजारामपुरीत खुर्ची टाकली असती तर ही मुलं माझ्याकडे कधीच आली नसती. दात दुखून गाल सुजल्यावर, तेही मुकादमानं उचल दिली तर, कुठंतरी जाऊन दात उपटून घेतला असता. जगात तोंडाचे आजार असलेली माणसं साडेतीन अब्जांच्या आसपास आहेत, म्हणजे जवळजवळ निम्मं जग. एवढ्या माणसांना पुरतील इतक्या खुर्च्या कुठलाच देश टाकू शकत नाही. खुर्चीवर बसणाऱ्या डॉक्टरांचं काम मोठंच आहे, तुमचे दात वाचवायला मी तुम्हाला त्यांच्याकडेच नेणार आहे. पण कुणीतरी कोपीपर्यंत, अंगणवाडीपर्यंत जायला हवं. मी ते काम निवडलं, आणि मला ते मनापासून आवडतं.

दादानं घराच्या ग्रुपवर "फ्लोराइड विष आहे" असा मेसेज टाकला होता आणि तुम्ही सगळ्यांनी पेस्ट बदलली, हेही मला आईकडूनच कळलं. त्या मेसेजमधला डागाळलेल्या दातांचा फोटो खरा असेल. यवतमाळ, चंद्रपूर भागात काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड इतकं जास्त आहे की मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, आणि वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडंही आखडतात. तिथं फ्लोराइड काढून टाकणं हेच आरोग्याचं काम. पण आपण नदीचं, धरणाचं पाणी पितो. अशा पाण्यात फ्लोराइड सहसा कमीच असतं. गंमत म्हणजे याचा गुण कळला तो दोषामुळेच. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत डागाळलेले दात किडत कमी होते, १९३१ साली त्या डागांचं कारण पाण्यातलं फ्लोराइड आहे हे सापडलं, आणि मग १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहरानं मोजून, थोडंसं फ्लोराइड पाण्यात घातलं. सगळा प्रश्न प्रमाणाचा आहे. साधारण १००० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची साधी, स्वस्त पेस्ट आणा. मोठ्यांनी रात्री झोपताना ब्रश करायचाच. थुंकायचं, पण खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड रात्रभर दातावर राहतं. आणि बाबा, ती राखुंडी आणि कडक ब्रश दोन्ही टाका. आडवं घासून घासून तुमच्या सुळ्यांना मुळाशी खाचा पडल्यात.

सोहमला सहावं लागलं ना? दुधाच्या दाढांच्या मागे त्याला नवी दाढ येत असेल. कुठलाही दात न पडता ती येते, म्हणून घरोघर तिला दुधाची समजतात आणि किडली तर "पडणारच आहे" म्हणून सोडून देतात. ती पडणार नाही. ती त्याला ऐंशीपर्यंत पुरायची आहे. तिच्या खाचांत सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ थर, भरून घेता येतं, मी आल्यावर बघते. देशभरात झालेल्या दंत-पाहणीत बारा वर्षांच्या साधारण निम्म्या मुलांत कीड सापडली होती, आणि ती बहुतेक याच दाढेपासून सुरू होते. पेस्ट त्याला वाटाण्याएवढी द्यायची, आणि ब्रश मोठ्या माणसानं करून द्यायचा. आजोबांनी दिला तर तो ऐकेल. वहिनीच्या हिरड्यांतून रक्त येतंय म्हणून तिनं ब्रश करणं थांबवलंय, ते आजच सुरू करायला सांगा. दिवस गेल्यावर हिरड्या हळव्या होतात, आणि मळ साठला तर आणखी सुजतात. बाळंतपणाला दात जातात हे खरं नाही. बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम काढून घेत नाही. काही उपचार लागले तर चौथ्या ते सहाव्या महिन्यात निर्धास्त करून घेता येतात.

आई, आता तुझं. हे मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण यावर तू उठून स्वयंपाकघरात जातेस.

तुझ्या डाव्या गालाच्या आत, जिथं तू मशेरी लावतेस तिथं, एक पांढरा चट्टा आहे. दिवाळीत मी कापसानं पुसून बघितला, तो पुसला जात नाही. दुखत नाही म्हणून तू सोडून दिलास. न दुखणं ही चांगली खूण नसते. असे बरेच चट्टे कधीच काही करत नाहीत, पण काहींचं पुढे कर्करोगात रूपांतर होतं, आणि कुठला कुठल्या वाटेनं जाईल हे नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून छोटा तुकडा काढून तपासायचा. "हत्यार लागलं की पसरतं" असं तू म्हणालीस. आई, ते खरं नाही. लोक फार उशिरा येतात, आणि मग तपासणीनंतर जे होतं त्याचा दोष तपासणीवर येतो.

आपल्या देशात पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा सगळ्यात वर आहे, आणि मशेरी, तंबाखू-चुना, मावा, गुटखा ही त्याची उघड कारणं आहेत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी शिबिरांत विशी-पंचविशीतली पोरं येतात ज्यांच्या तोंडात तीन बोटं मावत नाहीत. सुपारीनं गालाच्या आतली कातडी दोरीसारखी ताठ झालेली असते. बायकांच्या मशेरीबद्दल मात्र कुणी बोलत नाही, कारण ती घरात, भल्या पहाटे, तव्यावर भाजून लावली जाते, आणि दात घासायचं निमित्त असतं. आजीनं तुला दाढदुखीवर दिली होती, मला माहीत आहे. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही; तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. ऊसतोडीच्या बायका मला सांगतात, मशेरी लावली की भूक मरते, पहाटेच्या थंडीत कोयता चालतो. त्यांना "सोडा" म्हणताना माझा आवाज खाली येतो. पण सोडायला हवीच. सोडल्यावर काही चट्टे आपोआप कमी होतात, हे मी बघितलंय.

केरळात तिरुवनंतपुरमजवळ एक मोठा अभ्यास झाला. शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन लोकांची तोंडं नुसत्या डोळ्यांनी, उजेडात तपासली. २००५ साली निष्कर्ष आले: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी झाले. म्हणून मी आशाताईंना बॅटरी हातात देऊन हेच शिकवत असते. काय बघायचं? दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, पुसला न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, कमी झालेली तोंडाची उघड. लोकांच्या आयांची तोंडं मी बघते आणि माझ्या आईचा चट्टा दिवाळीपासून तसाच आहे, हे मला सोसत नाही.

एकदम सुटणार नाही, चिडचिड होईल, डोकं दुखेल. निकोटीनची ती ओढ आहे, तुझा कमकुवतपणा नाही. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही, आणि ते पुढे स्वतःहून फोन करून विचारपूस करतात. तुझी शुगर आणि हिरड्या यांचंही नातं आहे. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांची नीट सफाई झाली की तीन महिन्यांची सरासरी शुगर थोडी, पण मोजता येईल इतकी खाली येते.

मी शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. बाबा, दात काढायला घेतलेली वेळ पुढे ढकला, आणि तुमच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून ठेवा. रक्त पातळ करायची गोळी त्यात असेल तर दात काढायचा म्हणून मनानं थांबवू नका. वरची कवळी तोवर रात्री काढून साध्या पाण्यात ठेवत जा, सकाळी साबणानं आणि मऊ ब्रशनं धुवा. तुमची टाळू लाल झालीय ती कवळी रात्रभर तोंडात ठेवल्यामुळेच. आई, शुगरचे जुने रिपोर्ट कपाटातून काढ. सोमवारी मी रजा घेतलीय. चट्टा बघायला डॉक्टरांची सकाळची वेळ मिळालीय, बाबांचा एक्स-रे तिथेच होईल. तपासणीला उपाशी जायचं नसतं, दोघं नेहमीसारखे नाश्ता करून, गोळ्या घेऊन तयार राहा.

तुमची लेक